हेडर फाइल ठेवायची कुठे? लिनक्स कर्नलमधील सामायिक हेडरांची मांडणी

लिनक्स कर्नलची ६.१२ ही आवृत्ती नोव्हेंबर २०२४ मध्ये आली आणि त्यानंतर, ज्यांचे वायफाय कर्नलबाहेरच्या ड्रायव्हरवर चालत होते अशा अनेकांच्या संगणकांवर ते अद्ययावतीकरणानंतर बंद पडले. माझ्या जुन्या लॅपटॉपचाही त्यात नंबर लागला. यूएसबीला लावायचा एक स्वस्त वायफाय डोंगल मी वापरतो. त्याचा ड्रायव्हर कर्नलसोबत येत नाही, वेगळा उतरवून घ्यावा लागतो आणि कर्नल बदलला की दर वेळी आपोआप नव्याने कंपाइल होतो, म्हणजे त्याच्या मूळ कोडचे यंत्राला चालवता येईल असे रूप पुन्हा तयार होते. या वेळी तो झाला नाही. लॉग उघडून पाहिला तर कंपायलरची तक्रार एका ओळीची होती: ‘एएसएम’ या डायरेक्टरीत ‘अनअलाइन्ड.एच’ नावाची फाइल सापडत नाही. फाइल नष्ट झालेली नव्हती. ती ‘एएसएम’मधून उचलून ‘लिनक्स’ नावाच्या डायरेक्टरीत ठेवली गेली होती, एवढेच.

एक फाइल या खणातून त्या खणात गेली म्हणून चालते यंत्र अडावे, हे बाहेरून पाहणाऱ्याला हास्यास्पद वाटेल. मात्र कर्नलमध्ये हेडर फाइल कुठे ठेवली आहे यावरून तिच्यावर कोणी विसंबायचे हे ठरत असते, आणि म्हणून तिची जागा बदलणे ही केवळ आवराआवर राहत नाही. ते कसे, हे समजण्यासाठी थोडे मागून सुरुवात करावी लागेल.

हेडर म्हणजे काय

कर्नल म्हणजे संगणकाच्या हार्डवेअरवर थेट ताबा असलेला, ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा. आणि ड्रायव्हर म्हणजे त्या गाभ्यातील, एकेका उपकरणाशी बोलणारा भाग. लिनक्स कर्नल मुख्यतः सी भाषेत लिहिलेला आहे. सी भाषेतील प्रोग्रॅम दोन प्रकारच्या फाइलींत विभागलेला असतो: ‘.सी’ फाइलीत प्रत्यक्ष काम करणारा कोड असतो, तर ‘.एच’ फाइलीत, म्हणजे हेडरमध्ये, त्या कोडची इतरांना द्यायची ओळख असते. कोणती फंक्शने उपलब्ध आहेत, त्यांना कोणती माहिती द्यायची, ती काय परत देतात, माहितीचे गठ्ठे कसे रचलेले आहेत, कोणत्या आकड्याला कोणते नाव आहे, हे सारे हेडरमध्ये लिहिलेले असते. खाणावळीतील स्वयंपाकघर आणि भिंतीवरचा दरफलक यांच्यात जो फरक, तोच येथे. गिऱ्हाइकाला फलक वाचता आला की पुरते. मिसळीच्या कटात काय घातले आहे हे त्याने विचारण्याचे कारण नसते.

ही तुलना एका ठिकाणी तोकडी पडते. गिऱ्हाईक फलक फक्त वाचते; कंपायलर मात्र हेडर ‘इन्क्लूड’ करतो, म्हणजे त्या फाइलीचा संपूर्ण मजकूर जिथे मागितला तिथे जसाच्या तसा आणून चिकटवतो. त्या हेडरने स्वतः आणखी चार हेडर मागवले असतील तर तेही येतात, आणि त्यांनी मागवलेलेही. एकच हेडर दोन वाटांनी पुन्हा आत येऊ नये म्हणून प्रत्येकाच्या तोंडाशी ‘मी आधीच आलो आहे काय’ हे तपासणारी एक अट लिहिलेली असते. पण ती अट एका ‘.सी’ फाइलीपुरतीच असते. पुढची ‘.सी’ फाइल कंपाइल व्हायला लागली की पाटी पुन्हा कोरी. कर्नलमध्ये अशा तीस हजारांहून अधिक ‘.सी’ फाइली आहेत.

एका चिपचे पाच ड्रायव्हर

आता एक खरे उदाहरण जवळून पाहू. बीगलबोन ब्लॅक हा हौशी मंडळींमध्ये आणि अभियांत्रिकीच्या प्रयोगशाळांत वापरला जाणारा, तळहाताएवढा संगणक आहे. त्यावर टेक्सास इन्स्ट्रुमेंट्सची टीपीएस-६५२१७ ही वीजपुरवठा सांभाळणारी चिप असते. ही एकच चिप पाच कामे करते: प्रोसेसरला वेगवेगळे व्होल्टेज देते, बॅटरी चार्ज करते, पडद्यामागचा दिवा लावते, पॉवरचे बटण ओळखते, आणि हे सारे एका छोट्या दोन तारांच्या जोडणीवरून प्रोसेसरला कळवते. कर्नलमध्ये मात्र कामाप्रमाणे घरे वेगळी असतात. व्होल्टेजचा ड्रायव्हर ‘रेग्युलेटर’ डायरेक्टरीत, चार्जरचा ‘पॉवर’मध्ये, दिव्याचा ‘व्हिडिओ’मध्ये, बटणाचा ‘इनपुट’मध्ये, आणि या सर्वांचा कारभारी ‘एमएफडी’मध्ये, म्हणजे बहुकामी उपकरणांच्या डायरेक्टरीत.

पाच घरांत राहणाऱ्या या पाच जणांना काही गोष्टी एकमताने माहीत असाव्या लागतात. चिपच्या आत रजिस्टर नावाचे क्रमांक दिलेले छोटे कप्पे असतात. ० क्रमांकाच्या कप्प्यात चिपची ओळख असते, इतरांत चार्जिंगच्या, व्होल्टेजच्या, दिव्याच्या सेटिंग. शिवाय यांतले काही कप्पे कुलूपबंद आहेत. त्यांत लिहायचे असेल तर आधी कप्प्याचा क्रमांक एका ठराविक किल्लीच्या आकड्याशी मिसळून ‘पासवर्ड’च्या कप्प्यात लिहावा लागतो, मग खरी किंमत लिहायची, आणि काही कप्प्यांसाठी ही सगळी कवायत दोनदा करावी लागते. प्रत्येक ड्रायव्हरने ही कवायत आपापल्या घरी लिहिली असती तर पाच प्रती झाल्या असत्या आणि त्यांतील एक कधीतरी चुकली असती. म्हणून ती एकाच ‘.सी’ फाइलीत लिहिली आहे आणि तिची ओळख, कप्प्यांच्या क्रमांकांसह, ‘इन्क्लूड/लिनक्स/एमएफडी’ या डायरेक्टरीतील एका हेडरमध्ये ठेवली आहे. पाचही ड्रायव्हर तोच हेडर मागवतात. सामायिक हेडर म्हणतात तो हाच.

(नवशिक्यांची येथे एक ठेच ठरलेली असते. हेडरमध्ये फंक्शनचे नाव आले म्हणजे ते दुसऱ्या मॉड्यूलमधून, म्हणजे कर्नलला गरजेनुसार जोडल्या जाणाऱ्या सुट्या भागातून, वापरता येईलच असे नाही, ज्या ‘.सी’ फाइलीत ते लिहिले आहे तिने ते ‘एक्स्पोर्ट’ केल्याची स्वतंत्र ओळ लागते. फलकावर पदार्थ आहे, पण मुदपाकखान्याची खिडकी बंद.)

वही, भाऊबंद आणि लग्नपत्रिका

मग सगळेच हेडर त्या एका मोठ्या सामायिक डायरेक्टरीत का ठेवू नयेत? कारण तिथे ठेवलेली वस्तू सर्वांची होते, आणि सर्वांची झालेली वस्तू एकट्याला बदलता येत नाही.

जी माहिती एकाच ‘.सी’ फाइलीला लागते तिच्यासाठी हेडर काढूच नये. ती त्या फाइलीतच, वर लिहावी. एकाच ड्रायव्हरच्या तीन-चार फाइलींना लागणारी माहिती त्याच डायरेक्टरीतील स्थानिक हेडरमध्ये ठेवावी. ही घरची वही आहे. तिच्यात केव्हाही खाडाखोड करता येते, कारण वाचणारे घरातलेच असतात. वर पाहिलेल्या चिपप्रमाणे वेगवेगळ्या डायरेक्टऱ्यांतील ड्रायव्हरांना लागणारी माहिती ‘इन्क्लूड/लिनक्स’मध्ये जाते. हा भाऊबंदांतला समझोता होय: बदलता येतो, पण बदलणाऱ्याने प्रत्येकाच्या घरी जाऊन त्यांचा कोडही दुरुस्त करून द्यायचा, आणि त्या त्या भागाच्या मेंटेनरची, म्हणजे तो भाग सांभाळणाऱ्याची, संमती घ्यायची. प्रोसेसरच्या जातीनुसार जे बदलते, ते ‘एएसएम’ नावाच्या डायरेक्टरीत. ती प्रत्येक जातीची स्वतंत्र असते.

यापुढचा थर ‘यूएपीआय’चा. कर्नलच्या बाहेरचे साधे प्रोग्रॅम, म्हणजे आपण वापरतो ते, कर्नलशी ज्या नियमांनी बोलतात ते नियम येथे असतात. ही छापून वाटलेली लग्नपत्रिका आहे. मुहूर्त बदलायचा विचार आता करायचा नाही, कारण कोणाकोणाच्या घरी ती पोचली याची यादी कोणाकडेच नसते. म्हणूनच या हेडरमध्ये लिहिण्याचे नियम कडक आहेत. उदाहरणार्थ, सी भाषेतील ‘लाँग’ हा प्रकार लिनक्सच्या ३२ बिटांच्या प्रोग्रॅममध्ये ४ बाइटांचा आणि ६४ बिटांच्या प्रोग्रॅममध्ये ८ बाइटांचा असतो. तो येथे वापरला तर जुना ३२ बिटांचा प्रोग्रॅम आणि नवा ६४ बिटांचा कर्नल एकाच गठ्ठ्याची लांबी वेगवेगळी मोजतील. म्हणून येथे ज्यांची लांबी नावातच सांगितलेली आहे असेच प्रकार वापरावेत असा दंडक आहे.

हा थर वेगळा असायला हवा हे कर्नलच्या कर्त्यांना पुष्कळ उशिरा पटले. लिनक्स १९९१ मध्ये सुरू झाला, आणि कितीतरी वर्षे खासगी व सार्वजनिक मजकूर एकाच हेडरमध्ये, मधे एक अट घालून, शेजारी शेजारी नांदत होता. डेव्हिड हाउवेल्स यांनी २०१२ मध्ये, ३.७ या आवृत्तीत, सार्वजनिक मजकूर वेगळ्या डायरेक्टरीत हलवला. त्यामुळे पॅच, म्हणजे कोडमध्ये सुचवलेला बदल, तपासणाऱ्याला नुसता फाइलीचा मार्ग पाहूनच कळू लागले की येथे हात जपून लावायचा आहे. मला या कामातील हीच गोष्ट सर्वांत मोलाची वाटते: नियम कागदावर लिहिण्याऐवजी तो फाइलीच्या पत्त्यात लिहिला गेला.

मारुतीच्या देवळासमोरचे तिसरे घर

जागा चुकली तर काय होते याचा सर्वांत मोठा धडा एआरएम प्रोसेसरांनी दिला. मोबाइलमध्ये वापरले जाणारे हे प्रोसेसर अनेक कंपन्या बनवतात, आणि प्रत्येक कंपनीच्या चिपची आतली रचना निराळी. कर्नलमध्ये प्रत्येक चिपकुळासाठी स्वतंत्र डायरेक्टरी होती आणि त्या प्रत्येकीत ‘मॅक’ नावाची हेडरांची उपडायरेक्टरी. त्यांतील फाइलींची नावे मात्र सगळीकडे सारखीच: हार्डवेअर.एच, आयआरक्यूज.एच, जीपीआयओ.एच. कर्नल बिल्ड करताना, म्हणजे सगळ्या फाइली कंपाइल करून एकत्र बांधताना, कोणती चिप हे आधी निवडायचे. मग कंपायलरला तेवढीच एक ‘मॅक’ डायरेक्टरी दाखवली जाई.

आपल्याकडे बहुतेक प्रत्येक गावात मारुतीचे देऊळ असते. ‘मारुतीच्या देवळासमोर तिसरे घर’ हा पत्ता गावातल्या गावात अगदी चोख असतो. पण पोस्टमनच्या पिशवीत दहा गावांची पत्रे एकत्र पडली की त्याचा काही उपयोग नाही. ड्रायव्हरांचे तसेच झाले. ‘मॅक/हार्डवेअर.एच’ मागवणारा ड्रायव्हर एका चिपकुळापुरता कंपाइल होई. दोन कुळांचे ड्रायव्हर एकाच कर्नलमध्ये घालायचे म्हटले की त्या नावाची कोणती फाइल आणायची हे कंपायलरला सांगताच येत नसे. परिणामी, साधारण पीसीवर एकच कर्नल कोणत्याही कंपनीच्या यंत्रावर चालतो तसे एआरएमवर शक्य नव्हते. प्रत्येक चिपकुळासाठी वेगळा कर्नल बांधावा लागे. एआरएमच्या कोडमधील या पसाऱ्यावर लिनक्सचे जनक लिनस टोरवाल्ड्स यांनी २०११ मध्ये उघडपणे नाराजी व्यक्त केली होती.

तोडगा हेडर हलवण्याचाच होता, पण एकेका हेडरची विचारपूस करून. त्यात लिहिलेले रजिस्टरचे क्रमांक एकाच ड्रायव्हरला लागत होते काय? मग ते त्या ड्रायव्हरच्या घरी गेले. बोर्डाच्या कोडने ड्रायव्हरला द्यायच्या माहितीचे गठ्ठे होते काय? मग ते ‘इन्क्लूड/लिनक्स/प्लॅटफॉर्म_डेटा’ येथे, ज्याच्या त्याच्या वेगळ्या नावाने गेले. अमुक बोर्डावर अमुक तार अमुक ठिकाणी जोडली आहे, अशा प्रकारची माहिती तर सी भाषेतून काढून ‘डिव्हाइस ट्री’ नावाच्या स्वतंत्र वर्णनफाइलींत टाकण्यात आली. अर्न्ड बर्गमान आणि इतर मेंटेनरांनी हे काम नेटाने केले, आणि डिसेंबर २०१२ मध्ये आलेल्या ३.७ आवृत्तीत मोजक्या चिपकुळांसाठी का होईना, एकच एआरएम कर्नल अनेकांवर चालू लागला. बाकीची कुळे नंतरच्या काही वर्षांत एकेक करून त्यात आली.

डिव्हाइस ट्रीमुळे आणखी एक सामायिक डायरेक्टरी जन्माला आली, ‘डीटी-बाइंडिंग्ज’. वर्णनफाइली आणि सी भाषेतील ड्रायव्हर हे दोघेही तिच्यातील हेडर वाचतात, आणि वर्णनफाइली समजून घेणाऱ्या कंपायलरला सी भाषा येत नाही. त्यामुळे तिथे फक्त नाव आणि आकडा यांच्या जोड्या चालतात, दुसरे काही नाही.

चिमूटभर हिंग मागितला, वाण्याचे दुकान आले

आतापर्यंत हक्काचा विचार झाला. वजनाचाही करायला हवा. ड्रायव्हरला एखाद्या हेडरमधील दोन ओळी हव्या असतात, पण इन्क्लूडच्या साखळीने त्यामागे हजारो ओळी ओढल्या जातात. इंगो मोल्नार यांनी जानेवारी २०२२ मध्ये बावीसशेहून अधिक पॅचांची एक प्रचंड मालिका मांडली आणि केवळ हेडरांची गुंतागुंत सोडवून कर्नल बिल्ड होण्याच्या वेगात, कॉन्फिगरेशननुसार, म्हणजे कर्नलचे कोणते भाग निवडले आहेत त्यानुसार, ५० ते ८० टक्के सुधारणा होते असे आकडे दिले. मुख्य हेडरांची संख्या त्यांनीच सुमारे १०,००० सांगितली होती. मालिका अखंड स्वीकारली गेली नाही. निम्म्याहून अधिक फाइलींना हात लावणारा बदल एका घासात गिळणे कोणालाच शक्य नव्हते; त्यातील काही भाग, उदाहरणार्थ प्रोसेसरचा वेळ कोणाला द्यायचा हे ठरवणाऱ्या शेड्यूलरच्या हेडरांचा, पुढे सुटा सुटा आत आला.

वजन केवळ ओळींच्या संख्येने वाढते असेही नाही. हेडरमध्ये मॅक्रो असतात, म्हणजे कंपाइल होण्यापूर्वी विस्तारून लिहिली जाणारी लघुरूपे. दोन आकड्यांतील लहान कोणता हे सांगणारा ‘मिन’ हा मॅक्रो वर्षानुवर्षे सुरक्षिततेच्या तपासण्या घालून घालून एवढा फुगला होता की दिलेला आकडा तो आतल्या आत अनेकदा लिहून काढी. आणि एका ‘मिन’च्या पोटात दुसरा ठेवला की तो गुणाकाराने वाढे. २०२४ च्या जुलैमध्ये अर्न्ड बर्गमान यांना झेन या, एका यंत्रावर अनेक आभासी यंत्रे चालवणाऱ्या सॉफ्टवेअरशी संबंधित कोडमधील एक ओळ सापडली, जी विस्तारल्यावर ४७ मेगाबाइटची होत होती. एक ओळ! त्यानंतर टोरवाल्ड्स यांनी स्वतः हे मॅक्रो हलके केले.

याच्या उलट उदाहरण एएमडीच्या ग्राफिक्स ड्रायव्हरचे. त्याच्या डायरेक्टरीत यंत्राने तयार केलेले, रजिस्टरांच्या क्रमांकांचे दशलक्षावधी ओळींचे हेडर आहेत आणि त्यांची थट्टा नेहमी होते. माझ्या मते ती थोडी अन्यायाची आहे, कारण ते सारे त्या ड्रायव्हरच्या घरातच राहतात; जो ते कंपाइल करतो तोच त्याची किंमत मोजतो. सर्वांच्या वाटेवर ठेवलेला दोनशे ओळींचा हेडर त्याहून महाग पडू शकतो.

पत्ता पुरतो तिथे घर बांधू नये

वजन कमी करण्याची सर्वांत स्वस्त युक्ती अशी. हेडरमधील एखाद्या फंक्शनला ‘डिव्हाइस’ नावाच्या गठ्ठ्याचा फक्त पत्ता, म्हणजे पॉइंटर, द्यायचा असेल तर त्या गठ्ठ्याची अंतर्गत रचना कंपायलरला ठाऊक असण्याची गरज नसते. गठ्ठा कितीही मोठा असो, ६४ बिटांच्या यंत्रावर पत्ता ८ बाइटांचाच. अशा वेळी सबंध हेडर मागवण्याऐवजी ‘डिव्हाइस नावाचा एक गठ्ठा अस्तित्वात आहे’ एवढी एक ओळ लिहिली की भागते. पाकिटावर पत्ता घालायला घराचा नकाशा लागत नाही. मात्र तो गठ्ठा आपल्या गठ्ठ्याच्या आत प्रत्यक्ष मांडायचा असेल, किंवा हेडरमध्येच लिहिलेले एखादे छोटे फंक्शन त्याच्या आतील भागाला हात घालत असेल, तर नकाशा लागतोच.

याच्या जोडीला दुसरी शिस्त: जे वापरता ते स्वतः मागवा. पुष्कळ ड्रायव्हर एखादे फंक्शन वापरतात पण त्याचा हेडर मागवत नाहीत, कारण तो दुसऱ्या कुठल्यातरी हेडरच्या पाठोपाठ आयता आलेला असतो. जिन्यावर शेजाऱ्याच्या गॅलरीतील दिव्याचा उजेड पडतो म्हणून आपण बल्ब लावलेला नसतो. शेजाऱ्याने एके दिवशी दिवा काढला की आपण पायरी चुकतो, आणि दोष शेजाऱ्याला देतो. ‘कर्नल.एच’ हा असाच सर्वांना उजेड पुरवणारा हेडर होता. अँडी शेव्हचेन्को यांनी २०२० पासून त्याचे तुकडे करून मिन-मॅक्सचा, आकडेमोडीचा, मजकुराचे आकड्यांत रूपांतर करण्याचा असे वेगवेगळे हेडर काढले, तेव्हा असे कितीतरी अंधारे जिने उघडे पडले.

‘संगणक वेगवान आहेत, मग एवढा खटाटोप कशाला?’

एका माणसाला एकदा कर्नल बिल्ड करायचा असेल तर हा आक्षेप बरोबर आहे. पण मेंटेनर एकाच दिवसात तो अनेकदा बिल्ड करतात, आणि स्वयंचलित चाचण्या प्रत्येक पॅचसाठी शेकडो कॉन्फिगरेशनमध्ये करतात. त्यातही खरी अडचण पहिल्या बिल्डची नसते. सर्वत्र पोचलेल्या हेडरमधील एक ओळ बदलली की तो मागवणारी प्रत्येक फाइल पुन्हा कंपाइल होते. म्हणजे एका ड्रायव्हरपुरती दुरुस्ती चुकीच्या हेडरमध्ये केली तर जवळपास सबंध कर्नल नव्याने बांधावा लागतो.

‘जुन्या जागी पाटी लावून ठेवायला काय हरकत होती?’

हा आक्षेप माझ्याही मनात, वायफाय बंद असताना, आला होता. ‘अनअलाइन्ड.एच’ आधी ‘एएसएम’मध्ये का होता, हे पाहू. काही प्रोसेसरांना चारने भाग न जाणाऱ्या पत्त्यावरून चार बाइटांचा आकडा सरळ वाचता येत नाही, आणि नेटवर्कवरून आलेल्या पाकिटांत आकडे असे वाकड्या जागी असतातच. ते कसे वाचायचे याचे उत्तर पूर्वी प्रत्येक प्रोसेसरचे वेगळे होते. पुढे सर्वांसाठी एकच पद्धत स्वीकारली गेली आणि प्रोसेसरनिहाय फाइली नावापुरत्या उरल्या. ऑक्टोबर २०२४ मध्ये अल व्हिरो यांनी हेडर ‘लिनक्स’ डायरेक्टरीत नेला आणि कर्नलमधील त्याचा प्रत्येक उल्लेख एका छोट्या स्क्रिप्टने बदलून टाकला. कर्नलच्या आत राहणाऱ्या एकाही ड्रायव्हरच्या लेखकाला काही करावे लागले नाही.

जुन्या जागी पाटी, म्हणजे फक्त नवा हेडर मागवणारी जुन्या नावाची फाइल, ठेवली असती तर ती काढायला पुन्हा कोणीतरी लागले असते, आणि तोवर नवे ड्रायव्हर पाटी पाहूनच आत शिरत राहिले असते. कर्नलची जाहीर भूमिका अशी आहे की बाहेरच्या प्रोग्रॅमांना दिलेला शब्द मोडायचा नाही, पण आतल्या रचनेबद्दल बाहेर राहणाऱ्या ड्रायव्हरांना शब्द द्यायचाच नाही. ग्रेग क्रोआ-हार्टमन यांनी हे कर्नलच्या स्वतःच्या दस्तऐवजांत स्पष्टपणे लिहून ठेवले आहे. ही भूमिका सामान्य वापरकर्त्याला जाचक वाटते, आणि डोंगलच्या खोक्यावर ‘लिनक्सवर चालतो’ असे छापलेले वाचून पैसे मोजलेल्या माणसाची चिडचिड मला समजते. तरीही राग काढायचा तर तो आपला ड्रायव्हर कर्नलमध्ये न देणाऱ्या उत्पादकावर काढणे अधिक योग्य ठरेल.

माझ्या डोंगलपुरते काम शेवटी पाच ओळींत झाले. ड्रायव्हरच्या ज्या फाइलीत जुना हेडर मागवला होता तिथे, कर्नलची आवृत्ती ६.१२ किंवा त्यापुढची असेल तर ‘लिनक्स/अनअलाइन्ड.एच’ आणि नसेल तर ‘एएसएम/अनअलाइन्ड.एच’ अशी अट घातली, पुन्हा कंपाइल केले, आणि वायफाय आले. ही अट आता त्या ड्रायव्हरमध्ये कोणीतरी सांभाळायची आहे. त्याच फाइलीत, तिच्याच वर, अशाच आठ जुन्या अटी आधीपासून होत्या.